चिनी सराईतली ठेव

देवपूर, धुळे
१४ जून १९९८

पूज्य भुवाजींना सुरेशचंदचा जय जिनेंद्र आणि पाया पडणे.

फुफाजींचं पोस्टकार्ड मिळालं. ‘तू मशीनवर बसून चीनशी धंदा करतोस असं ऐकलं, खरं काय ते तुझ्या भुवाला कळव,’ एवढाच मजकूर. ही बातमी आमच्या घरमालक पितांबरनानांनी पोचवली असणार. परवा ते क्लासच्या दारात उभे राहून मला विचारत होते, “काय रे सुरेशशेठ, चीनमा दुकान टाकं म्हने तुनी? तठे आपला माल चालस का?” मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर समजावून सांगावं लागलं असतं.

तुम्हाला मात्र समजावून सांगतो. क्लासच्या कॉम्प्युटरला टेलिफोनची तार जोडली की नाशिकमार्गे जगात कुठेही जाता येतं. माझं कनेक्शन विद्यार्थ्यांसाठीचं, साधं आहे. त्यात चित्रं दिसत नाहीत, नुसती अक्षरं. चीनमधल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटरवर एक खेळ आहे. खेळ म्हणजे एक जुन्या काळातलं गाव, तेही नुसतं लिहिलेलं. आपण ‘उत्तरेला जा’ असं टाइप करायचं, मग उत्तरेला विहीर आहे की देऊळ ते पुढच्या ओळीत येतं. तिकडची पोरं-पोरी आपापल्या कॉम्प्युटरवरून एकाच वेळी त्या गावात फिरतात, गुरू करतात, तलवारी मिळवतात, मारामाऱ्या करतात. परदेशातला मी एकटाच. माझं तिथलं नाव धुलिया.

अडचण अशी की चिनी अक्षरं माझ्या मशीनला वाचता येत नाहीत. त्यांच्या जागी टोप्या आणि टिंबं लावलेल्या इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. रोज पाहून त्यातले काही पुंजके ओळखीचे झालेत. हा नमस्कार, ही सराई, हा ससा. तिथल्या एकालाच इंग्रजी येतं. त्याचं नाव हेताओ, म्हणजे अक्रोड. बाकीच्यांच्या हिशेबी मी मुका आहे.

आता तुमच्या कामाची गोष्ट. तिथे गुरू केला की तो पहिलं काम देतो, शेतातला ससा मारून आण. त्याशिवाय पुढची पायरी नाही. मी ‘मार’ हा शब्द टाइप केला आणि बटण दाबायच्या आधी मला तुम्ही आठवलात. जळगावला आत्याचं घर म्हणून तुमच्याकडे शिकायला होतो तेव्हा जत्रेतून मी साखरेचा हत्ती आणला होता आणि तुम्ही तो माझ्या तोंडाजवळून काढून घेतला होता. हत्तीच्या आकाराचं काही खायचं नाही म्हणून. मी ससा सोडून दिला. तेव्हापासून मी त्या गावात सगळ्यात खालच्या पायरीवर आहे.

पण रिकामा नाही. तिथे मारामारीत जो मरतो तो थोड्या वेळाने पुन्हा उठतो, मात्र जवळचं सगळं गमावतो. मी मारामारीला जातच नाही, म्हणून मरत नाही, म्हणून माझ्याकडचं काही जात नाही. हे पहिल्यांदा हेताओच्या लक्षात आलं. लढायला जाताना त्याने आपला चांगला कोट माझ्याकडे ठेवला. मग त्याचे मित्र आले. आता सकाळी क्लासच्या आधी आणि दुपारच्या सुट्टीत मी सराईच्या दारात बसतो आणि लोकांच्या ठेवी सांभाळतो. धंदा म्हणाल तर एवढाच.

आपला,
सुरेशचंद

---

जळगाव
२५ जून १९९८

चि. सुरेशला भुवाचे आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, दुसऱ्यांदा वाईट वाटलं, कारण कळलं. बासष्ट साली चीनच्या लढाईच्या फंडात मी बोटातली अंगठी काढून दिली होती. त्या अंगठीचं काय झालं ते सरकारला ठाऊक. आणि आता माझा भाचा त्यांचे कोट सांभाळतो. तुझ्या फुफाजींना सांगितलं तर दालमिलच्या गादीवर बसल्या बसल्या त्यांना ठसका लागला.

ससा सोडलास हे बरं केलंस. तो हत्ती मी फेकला नव्हता. तानुबाई भांडी घासायला यायची, तिच्या नातवाला दिला. त्यांच्यात चालतो. तू मात्र दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास, हे तू पत्रात लिहायचं विसरलास.

ठेवीचं काम आपल्या घराला नवीन नाही. तुझे आजोबा, माझे बापूजी, सोहनलालजी धुळ्याला हेच करायचे. लोक सारंगखेड्याच्या जत्रेला जाताना दागिने आपल्याकडे ठेवून जायचे. मी लहानपणी त्यांच्याशेजारी बसून जे पाहिलं ते तुला सांगते. दिलेली वस्तू उघडून पाहायची नाही. एकाची दुसऱ्याला दाखवायची नाही. आणि आपण कुठे जाणार असू तर सगळ्यांना सांगून जायचं. न सांगता दुकान बंद दिसलं की माणूस दार ठोठावत बसतो.

उन्हात वाळवलेल्या कैऱ्या पाठवू का? तुझ्या खोलीत खायला काय असतं ते मी पाहिलं आहे.

भुवा

---

देवपूर, धुळे
१७ ऑगस्ट १९९८

पूज्य भुवाजी,
जय जिनेंद्र.

कैऱ्या संपल्या. तुमचे नियम पाळतोय आणि दुकान जोरात आहे. सराईच्या दारात आता रांग लागते. एक जण रोज एक बासरी ठेवून जातो, वाजवताना त्याला मी कधी पाहिलं नाही. आमची तानुबाई (धुळ्यालाही एक तानुबाईच आहे, झाडू मारायला येते) बायकांना सांगते, “हाऊ पोऱ्या दिनभर त्या डबाना मोहरे बशी ऱ्हास, आनि एकलाच हासस.” हे खरं आहे. भुवाजी, मला तिथे फार बरं वाटतं. क्लासमध्ये मी फी मागणारा मास्तर, घरच्यांसाठी कापडाच्या दुकानातून पळालेला मुलगा. तिथे एक शब्द न बोलता लोक माझ्यावर विश्वास ठेवतात. असं कधी मिळालं नव्हतं.

हेताओ सुट्टीत त्याच्या गावी गेलाय, तिथे कॉम्प्युटर नाही. म्हणजे सध्या मी पूर्ण मुका आहे.

पर्युषण आलं. दरवर्षीप्रमाणे संवत्सरीला सगळ्यांची क्षमा मागायची, तर या वर्षी त्या लोकांचीही मागावी असं मनात आहे. इतक्या जणांच्या वस्तू हाताळल्या, कोणाला कळत नकळत काही लागलं असेल. हेताओने जाण्यापूर्वी मला काही चिनी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून दिले होते, त्यात ‘सगळे’ आहे आणि ‘माफ करा’ आहे. तेवढं पुरे. मोठ्याने बोलायची एक सोय असते, ती वापरली की गावातल्या प्रत्येकाच्या पडद्यावर ओळ उमटते.

दरवर्षी तुमचं अठ्ठाईचं, आठ उपवासांचं, पारणं जळगावला होतं. या वर्षी उपवास झाले की धुळ्याला या ना. तुम्हाला चीन दाखवतो.

सुरेशचंद

---

(छापील कार्ड. वर कमळ, खाली मजकूर: ‘गतवर्षात आमच्याकडून कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास मन, वचन, कायेने क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्. समस्त परिवार, जळगाव.’ पाठीमागे पेनाने:)

२७ ऑगस्ट १९९८

सुरेश, या वर्षी अठ्ठाई केली नाही. फुफाजींनी करू दिली नाही, म्हणाले वय झालं. एकच उपवास केला. धुळ्याला येणं जमणार नाही, इथे थोडी कामं आहेत. चीन तुझ्यापाशीच राहू दे.
भुवा

---

देवपूर, धुळे
१२ सप्टेंबर १९९८

पूज्य भुवाजी,

कार्ड मिळालं. माझ्या कार्डाची वाट पाहू नका, क्षमा मागण्याचा मी धसका घेतला आहे.

झालं ते असं. संवत्सरीच्या सकाळी मी सराईच्या दारात उभा राहून मोठ्याने टाइप केलं, ‘सगळे, माफ करा.’ एरवी पडद्यावर ओळी भराभर सरकत असतात. त्या थांबल्या. मग एक जण आला. त्याने नमस्कार केला, तो पुंजका मला ओळखू येतो, आणि आपली वस्तू मागून घेतली. त्याच्यामागे दुसरा. मग तिसरा. दुपारपर्यंत रांग होती. बासरीवाला दोनदा नमस्कार करून बासरी घेऊन गेला. बरेच जण काहीतरी लांब लांब बोलत होते, मला कचरा दिसत होता. दोन दिवसांत माझ्याकडे एकही वस्तू उरली नाही.

तेव्हापासून मी रोज वेळेवर जाऊन बसतो. लोक येतात, दारात मला पाहून थबकतात, नमस्कार करतात आणि निघून जातात. कोणी काही ठेवत नाही.

मला जे कळलं ते लिहितो. आपल्याकडे क्षमा मागणं मोठेपणाचं. तिथे ती गुन्ह्याची कबुली. कोणाची तरी वस्तू गेली असेल किंवा जाईल अशी भीती वाटली असेल, त्यात ठेव सांभाळणाराच म्हणतो माफ करा. मीही त्यांच्या जागी असतो तर कोट घेऊन पळालो असतो. मी चोर ठरलो, आणि मी चोर नाही एवढं सांगायला माझ्याकडे भाषा नाही. इथे हसू येईल तुम्हाला, पण मला रात्रंदिवस दुसरं सुचत नाही. नाव गेलं, भुवाजी. माझं स्वतःचं म्हणून जे काही होतं ते तेवढंच होतं.

म्हणून एक विचारतो. धुलियाला बाहेर काढून द्यायचं आणि नव्या नावाने पहिल्यापासून सुरुवात करायची, बाकीच्यांसारखी. ससा मारून. ससा म्हणजे चार अक्षरं आहेत, तीही मला वाचता येत नाहीत. तो थोड्या वेळाने पुन्हा उगवतो. यात हिंसा होते का? तुमच्याकडे चातुर्मासाला महाराजसाहेब आहेत, त्यांना विचारून कळवा.

सुरेशचंद

---

जळगाव
२३ सप्टेंबर १९९८

चि. सुरेशला आशीर्वाद.

अक्षर हीराचं आहे, सांगते मी. उजव्या हाताला मुका मार बसला आहे, काळजीचं काही नाही. तुझी वहिनी शुद्धलेखनाच्या चुका करते त्या माझ्या धरू नकोस. (हे लिही असं भुवाजींनीच सांगितलं. हीरा.)

महाराजसाहेबांना विचारलं. आधी त्यांना टेलिफोनची तार, मग चीन, मग ससा असं सगळं सांगावं लागलं. ते खूप हसले. मग म्हणाले, “ससा नाही हे समजलं. पण मारणारा तर आहे ना?” एवढं बोलून ते दुसऱ्यांकडे वळले. आता तू शिकलेला आहेस, याचा अर्थ तू लाव. मारायचाच असेल तर मार, मला पत्र लिहून कळवू नकोस.

नाव बदलायचं मात्र मी ऐकून घेणार नाही. बापूजींच्या बाबतीत एकदा गावात आवई उठली, की सोहनलाल दुकान गुंडाळून मारवाडला चालले. कोणी उठवली ते कधी कळलं नाही. एका दिवसात सगळे आपापले दागिने घेऊन गेले. मी तेव्हा परकरात होते. बापूजींनी कोणाला विचारलं नाही, कोणाला समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, टोपी घालून रिकाम्या गादीवर जाऊन बसले. रोज बसायचे. दारासमोरून जाणाऱ्याला रामराम करायचे. बाई, म्हणजे तुझी आजी, आतून म्हणायची, कशाला बसता, माणसं हसतात. ते म्हणायचे, दार उघडं दिसलं पाहिजे. कितीतरी दिवसांनी कौतिक नावाचा एक शेतकरी आला. म्हणाला, “शेठ, तुम्ही तं कोठेच गयात नही.” आणि त्याने बायकोच्या पाटल्या पुढे ठेवल्या.

तेव्हा तू बस. चोर जागा सोडतो, तू सोडू नकोस.

दिवाळीला जळगावला येऊ नकोस. आम्हाला मुंबईला एका लग्नाला जायचं आहे, घर बंद असेल.

भुवा

---

देवपूर, धुळे
७ ऑक्टोबर १९९८

पूज्य भुवाजी,
जय जिनेंद्र.

बसलो. रोज बसलो. ससा जिवंत आहे. आणि आता जे लिहितो ते फुफाजींना मोठ्याने वाचून दाखवा.

हेताओ परत आला. आल्या आल्या त्याने मला विचारलं, “तू अजून इथे कसा?” मी म्हटलं, चोर असलो तरी जागा सोडणार नाही, भुवाची आज्ञा आहे. त्याला काही समजेना. मग त्याने सराईतला फळा वाचला. त्या सराईत निरोप लिहायचा एक फळा आहे, मी रोज त्याच्याशेजारी बसतो, आणि त्यावर काय आहे ते मला कचरा म्हणून दिसतं. तो भरलेला होता. हेताओने एकेक ओळ इंग्रजीत करून सांगितली.

‘धुलिया मुका होता, पण त्याच्याकडे ठेवलेलं कधी हललं नाही.’ ‘धुलिया, तुझ्या गावी वेळेवर पाऊस पडो.’ बासरीवाल्याने लिहिलं होतं, ‘मला वाजवता येत नाही. तुझ्याकडे यायला काहीतरी निमित्त हवं म्हणून ठेवायचो.’

त्यांना वाटलं मी कायमचा निघालो. हेताओ म्हणतो, चूक झाली तर ज्याची झाली त्याची माफी मागतात. काही केलेलं नसताना सगळ्या गावाला एकदम ‘माफ करा’ म्हणणारा माणूस एकतर खूप दूर जात असतो किंवा मरत असतो. जाणाऱ्याच्या गळ्यात ओझं नको, म्हणून त्यांनी आपापल्या वस्तू उचलून नेल्या. ते लांब लांब बोलणं म्हणजे माझ्या निरोपाची भाषणं होती. आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दारात! ज्याचा निरोप समारंभ आटोपला त्याच्याशी काय बोलायचं हे कोणालाच सुचेना. म्हणून नमस्कार करून सटकायचे.

मी क्लासमध्ये एकटा इतका हसलो की तानुबाई झाडू टाकून पळाली. नंतर रडूही आलं, ते तिने पाहिलं नाही. हेताओने फळ्यावर खुलासा लिहिला आहे. काल एक मुलगी चहाची किटली ठेवून गेली. दुकान सुरू झालं.

हेताओने एक मात्र विचारलं. “तुम्ही लोक दरवर्षी असा निरोप घेता, मग खरा घेताना काय म्हणता?” भुवाला विचारतो म्हटलं. उत्तर तुम्हाला येत असेल तर कळवा. हात बरा झाला असेलच. मुंबईच्या लग्नात मजा करा.

सुरेशचंद

---

जळगाव
१३ ऑक्टोबर १९९८

चि. सुरेशला अनेक आशीर्वाद.

आज स्वतः लिहिते आहे. अक्षर तिरकं आलं आहे, लावून घे. तुझं पत्र फुफाजींना वाचून दाखवलं. बासरीवाला त्यांना फार आवडला.

या वर्षीचं कार्ड छापील होतं. प्रेसवाल्याने क्षमा मागितली आणि मी मागे कामं आहेत म्हणून लिहिलं. म्हणून हाताने लिहिते. साखरेचा हत्ती काढून घेतला तेव्हा दुसरं काहीतरी गोड तुझ्या हातात द्यायला हवं होतं, ते सुचलं नाही. तू कापडाचं दुकान सोडलंस तेव्हा तुझ्या वडिलांपुढे मी तुझ्या बाजूने बोलले नाही, बोलायला हवं होतं. तुला कितीदा येडा म्हटलं असेल, ते आता चीनमध्ये तुझ्यासाठी भाषणं झाली हे ऐकून मागे घेते. या सगळ्याचं मिच्छामि दुक्कडम्.

मिलचा ड्रायव्हर मगन धुळ्याला माल घेऊन येतो आहे, त्याच्याबरोबर एक डबा पाठवते. बापूजींनी मला सोनगीरहून आणून दिलेला पितळी डबा आहे. तू ठेव सांभाळतोस म्हणून तुझ्याकडे ठेवते. उघडून पाहू नकोस. मी मुंबईहून आले की मागून घेईन. नाही मागितला तर तुझं लग्न होईल तेव्हा तुझ्या बायकोला दे.

जेवत जा वेळेवर.

भुवा

---

देवपूर, धुळे
१५ ऑक्टोबर १९९८, सकाळी

पूज्य भुवाजी,

मगन ओट्यावर चहा पितोय, तो निघायच्या आत लिहितो. तो ट्रकने आधी पोचेल, मी पोरांना सुट्टी देऊन दुपारच्या एस.टी.ने निघतो.

डबा मिळाला. उघडला नाही. पत्र मात्र उघडलं आणि पहिल्यांदा वाचून बरं वाटलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. देव अजून उठले नाहीत, भुवाजी. चातुर्मासात लग्न कोणाकडे असतं? आणि हे तुम्ही लिहिलंत, तिथी न पाहता घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या तुम्ही, आणि मी तुम्हाला मजा करा म्हणून लिहिलं. अठ्ठाई नाही, धुळ्याला येणं नाही, हीरावहिनीचं अक्षर. सगळं समोर होतं आणि मला कचरा दिसत होता.

मगनला विचारलं, भुवाजींना काय झालंय? तो म्हणाला, “काही सांगू नको असं मला सांगितलं आहे, शेठ.” एवढं पुरलं. मुंबईचं लग्न म्हणजे हॉस्पिटल.

सराईत जाऊन आलो. हेताओला सांगितलं की काही दिवस दुकान बंद, ज्याचं त्याने घेऊन जावं. त्याने विचारलं, हा निरोप दरवर्षीचा आहे की खरा? मी म्हटलं, माझा कुठलाच नाही, पण मला एक पत्र आलंय आणि त्यातला खरा आहे. त्याने आपला कोट मागून घेतला. मग म्हणाला, मग इथे काय करतोस?

तुमची ठेव मी घ्यायला तयार आहे, पण धुळ्यात बसून नाही. डबा बरोबर आणतोय. तुमच्याबरोबर मुंबईला येणार, हॉस्पिटलात तुमच्या कॉटजवळ तो मांडीवर घेऊन बसणार, आणि तुम्ही मागितलात की तुमच्या हातात देणार. बायकोला वगैरे काही नाही. ज्याची वस्तू त्याने स्वतः मागून घ्यायची असते, हा नियम तुमच्याच घरातला.

मला भीती वाटते आहे, ते लपवत नाही. त्या तिरक्या अक्षरातली क्षमा मी वाचली, पण स्वीकारलेली नाही. ती परत घ्या. पुढच्या संवत्सरीला मला छापीलच कार्ड हवं आहे, वर कमळ असलेलं, आणि मागे दोन ओळींत तुमची कामं.

सुरेश